शास्त्री वाचले, बांगर गेले!

रवी शास्त्री ग्रेट कोच होते, हे ऐकून ऐकून कान किटले राव. ऑस्ट्रेलियात दोनदा कसोटी मालिका जिंकली, मान्य. पण त्या पुण्याईवर किती दिवस खाणार?

१० जुलै २०१९, मँचेस्टर. वर्ल्ड कपची सेमीफायनल, न्यूझीलंडचे २३९. आपले ५ वर ३, मग २४ वर ४. डाव सावरायला धोनी हवा, तर त्याच्या आधी कार्तिक अन् पांड्या. धोनी सातव्या नंबरला! १८ धावांनी हरलो. दोन वर्षं कोच असून यांना चौथ्या नंबरचा पक्का बॅट्समन सापडला नव्हता, हे वेगळंच.

नंतर शास्त्री म्हणाले, निर्णय सगळ्या टीमचा होता. बरं. मग ऑगस्टमध्ये हेड कोच कायम, बोलिंग कोच कायम, फिल्डिंग कोच कायम. नारळ कोणाला? बॅटिंग कोच संजय बांगरला. आपल्या बीडचा पोरगा, २००२ ला हेडिंग्लेच्या ढगाळ हवेत ओपनिंगला येऊन ६८ काढणारा. मराठवाड्याचा म्हणून गळा काढत नाही, त्याचंही चुकलं असेल. पण निर्णय सगळ्यांचा, तर शिक्षा एकट्याला का? हेड कोच काय नुसता माईकवर बोलायला ठेवला होता?