रंग शेवटी बघा!

डी.एड.ला असताना साठवलेल्या पैशांतून मी एक जुनी रेसिंग सायकल घेतली. खाली वळलेलं हँडल, चकाकता लाल रंग, वर गिअर! बघताच भुललो. पण ती होती माझ्याहून उंच माणसाच्या मापाची. पहिल्याच चौकात थांबायला गेलो आणि दांडीवर आदळलो. महिन्याभरात निम्म्या किमतीला विकावी लागली.

म्हणून सांगतो, पैसे मोजकेच असतील तर गिअर मोजत बसू नका. आधी माप बघा. मधली दांडी दोन पायांमध्ये घेऊन उभे राहा. टाचा जमिनीला टेकून वर निदान दोन-तीन बोटं जागा उरायला हवी. ‘वाढत्या अंगाची’ घ्यायला तो काही शाळेचा गणवेश नव्हे!

जुनी सायकल घेताना चाक उचलून फिरवा. रिम डुलली, तर चाक आऊट आहे. ते दुकानात सरळ करून मिळतं. पण फ्रेमच्या जोडावर चीर दिसली, तर ती सायकल फुकटसुद्धा नको!

आणि हो, सगळे पैसे सायकलीतच घालवू नका. हेल्मेट, पंप आणि पंक्चरच्या सामानापुरते बाजूला ठेवा.

रंग? तो सगळ्यात शेवटी बघा.