एका दिवसांतलें तंजावर

एखादें शहर एका दिवसांत पाहून होतें काय, असें कोणीं विचारलें तर शहाणा मनुष्य 'नाहीं' असेंच उत्तर देईल. आणि रजा संपत आली म्हणजे तोच शहाणा मनुष्य मोटार ठरवून, वाटाड्या बरोबर घेऊन, एका दिवसांत शहर पाहून येईल. आम्ही स्वतःस फारसे शहाणे समजत नाहीं, तरी या बाबतींत आमचें वर्तन शहाण्यांसारखेंच झालें. गेल्या माघांत तिरुचिरापल्लीस एका स्नेह्यांच्या घरच्या लग्नास जाणें झालें. लग्न आटोपलें, आणि परतीच्या गाडीस पुरा एक दिवस उरला. तंजावर तेथून पन्नास-पंचावन्न किलोमीटर. जेथें भोसल्यांची गादी पावणेदोनशें वर्षें होती तें शहर इतक्या जवळ येऊनही न पाहतां परतावें, हें आमच्या वडील भगिनी अक्का यांस पटेना. तेव्हां अक्का, त्यांचा बारा वर्षांचा नातू, आमच्या सौभाग्यवती आणि आम्ही असे चौघे जण सकाळीं सातास निघालों.

देवळाच्या दारीं जे वाटाडे भेटले ते पन्नाशीच्या पुढचे, कपाळीं भस्माचे पट्टे, अंगांत पांढरा सदरा, आणि बोलण्यांत रोज तोच पाठ म्हणणाऱ्याची घाई. इंग्रजी चांगलें, हिंदी कामापुरतें. आम्ही पुण्याचे हें कळतांच त्यांचा चेहरा खुलला, आणि पुढल्या पांच मिनिटांत शिवाजीमहाराज, व्यंकोजी, सरफोजी हीं नांवें त्यांच्या तोंडून इतक्यांदा निघालीं कीं, हें देऊळही मराठ्यांनींच बांधलें असें एखाद्यास वाटावें. आम्ही मनांतून सुखावलों, हें कबूल करणें भाग आहे. थोड्या वेळानें मदुरेहून आलेलें एक कुटुंब आमच्यांत सामील झालें. खर्च निम्मा होतो म्हणून आम्हींच त्यास रुकार दिला होता. ते येतांच मराठे मागें पडले आणि चोळ राजे पुढें आले. ज्या गिऱ्हाइकास जो माल हवा तो काढून दाखवावा, हा दुकानदाराचा धर्मच आहे. त्यास आम्ही नांवें ठेवीत नाहीं. परंतु आपण विकत घेत होतों ती आपलीच स्तुति होती, हें तेव्हां प्रथम ध्यानांत आलें.

बृहदीश्वराचें हें देऊळ पहिला राजराज चोळ यानें बांधविलें. तें १०१० सालीं पुरें झालें. गाभाऱ्यावरचें विमान दोनशें फुटांहून उंच. सारें बांधकाम ग्रॅनाइटचें. आणि कावेरीच्या या गाळाच्या मुलुखांत ग्रॅनाइट मिळत नाहीं, म्हणजे एकूण एक दगड दुरून ओढून आणलेला. एवढेंच सांगितलें असतें तरी माणसानें तोंडांत बोट घालावें. पण खऱ्या गोष्टीनें गिऱ्हाईक चकित होतें यावर वाटाड्यांचा विश्वास नसतो. आमच्या वाटाड्यांनीं दोन ठेवणींतल्या गोष्टी काढल्या: शिखरावरचा घुमट हा ऐंशीं टनांचा एकच दगड आहे, आणि शिखराची सावली जमिनीवर कधींही पडत नाहीं. पहिली गोष्ट अभ्यासकांनीं पूर्वींच बाजूस ठेवली आहे. तो घुमट अनेक दगड सांधून केलेला आहे. दुसरीचा निकाल अक्कांच्या नातवानें जागच्या जागीं लावला. नऊ वाजले होते, फरसबंदी तापूं लागली होती, आणि अनवाणी पायांस चटके बसूं नयेत म्हणून आम्ही सर्व जण विमानाच्या पश्चिमेस उभे होतों.

"मग आपण उभे आहों ती सावली कुणाची?" असें त्यानें अगदीं भाबडेपणानें विचारलें.

मदुरेचे गृहस्थ मोठ्यानें हंसले. वाटाडेही हंसले, आणि म्हणाले, "बाळ, ही गोष्ट मीं माझ्या वडिलांकडून ऐकली. त्यांनाही कोणीं तरी हेंच विचारलें असेल."

या उत्तरानें ते गृहस्थ आम्हांस आवडूं लागले. त्यानंतर त्यांची ती घाई थोडी कमी झाली असेंही वाटलें. देवळाच्या जोत्यावर, भिंतींवर, जिकडे पाहावें तिकडे तामिळ अक्षरांच्या ओळी कोरलेल्या आहेत. अक्कांनीं विचारलें, "देवाच्या भिंतीवर एवढें लिहून ठेवण्यासारखें काय होतें?" तेव्हां त्यांनीं सांगितलें तें असें: राजराजानें आज्ञा केली कीं, आपण स्वतः देवास जें दिलें तें, आपल्या अक्कननें दिलें तें, आपल्या स्त्रियांनीं दिलें तें, आणि इतरांनीं दिलें तें, सर्व या दगडावर कोरून ठेवावें.

"अक्कन म्हणजे?"

"थोरली बहीण. कुंदवै तिचें नांव."

अक्का क्षणभर कांहीं बोलल्या नाहींत. मग चष्मा पुसून भिंतीच्या अगदीं जवळ गेल्या, जणूं त्या अक्षरांतून आपलें नांव ओळखूं येणार होतें. कानडी-तामिळांशीं सोयरीक असलेला हा शब्द आपल्या घरांत इतका मुरला आहे कीं, तो येथें हजार वर्षांपूर्वींच्या दगडावर भेटावा, याचें आम्हांसही नवल वाटलें. सौभाग्यवतींनीं मात्र हळूच एवढेंच म्हटलें कीं, बायकांच्या आधीं बहिणीचा नंबर लावण्याची रीत फार जुनी दिसते.

त्या लेखांत दागिन्यांचीं वजनें आहेत. आणि चारशें देवदासींचीं नांवें, कोणती कोणत्या ओळींतल्या कितव्या घरांत राहते यासह आहेत. इतकें सगळें भिंतीवर असूनही देऊळ कोणीं बांधलें हें लोक विसरले होते. स्थलपुराणें करिकाल चोळाचें नांव सांगत, आणि येणारा-जाणारा तेंच खरें मानी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हुल्ट्श या जर्मन पंडितानें हे लेख वाचून छापले, तेव्हां राजराज आपल्या घरीं परत आला. लेख तेथें होता, डोळे तेथें होते, वाचणारा नव्हता. हें ऐकतांना आम्हीं मान डोलविली. पुढें काय वाढून ठेवलें आहे याची तेव्हां कल्पना नव्हती.

देवळास वळसा घालून आम्ही नैर्ऋत्येच्या बाजूस ओवरीशीं आलों. "हा मराठ्यांचा लेख. १८०३ साल. भोसले घराण्याचा इतिहास. मराठींतला जगांत सर्वांत मोठा शिलालेख म्हणतात," इतकें अर्ध्या मिनिटांत सांगून वाटाडे पुढें चालूं लागले. आम्ही थांबलों. अक्षरें बाळबोध, आपलींच.

"आजी, हें मला वाचतां येईल!" असें म्हणून नातू पुढें सरसावला. शाळा इंग्रजी, मराठी आठवड्यांतून तीन तास. तीन शब्दांनंतर गाडें अडलें. मग आम्हीं चष्मा चढविला. दीड ओळ कशीबशी लागली. वळण जुनें, दगड कोठें झिजलेला, भाषा दफ्तरी. वर कपाळावर ऊन. वाटाडे परत फिरून आमच्या शेजारीं येऊन उभे राहिले.

"साहेब," ते म्हणाले, "मी वीस वर्षें या भिंतीजवळून लोकांना नेतों. तुमच्या बाजूचे शेंकडों लोक आले. सगळे येथें उभे राहून फोटो काढतात. आजवर कोणीं मला हें वाचून दाखविलें नाहीं. काय लिहिलें आहे?"

आम्हीं म्हटलें, "भोसल्यांचा इतिहास."

"तें तर मींच तुम्हांला सांगितलें."

ते हें बोलले त्यांत उपरोध नव्हता. असता तर बरें वाटलें असतें. इतक्यांत दुपारची पूजा आटोपून साडेबाराच्या सुमारास देऊळ बंद होण्याची वेळ झाली, आणि पुन्हां दार उघडणार चारास. आम्ही सर्व बाहेर पडलों.

जेवतांना वाटाड्यांनीं सांबाराची गोष्ट सांगितली: संभाजीमहाराज येथें पाहुणे आले असतां आमसुलें संपलीं, आचाऱ्यानें आमटींत चिंच घातली, आणि पाहुण्यांच्या नांवावरून 'सांबार' झालें. गोष्ट गोड आहे, आणि ऐकीव आहे. पुण्याच्या माणसास ती जेवणाबरोबर वाढतात असें दिसतें. सांबार उत्तम होतें.

जेवणानंतर चित्रांच्या एका दुकानापुढें मोटार थांबली. ती थांबणार होतीच. सोन्याचा वर्ख लावलेले बाळकृष्ण ओळीनें मांडलेले, सरबत तयार, आणि दुकानदाराची व वाटाड्यांची जुनी ओळख. तेथें पाऊण तास गेला आणि आमच्या खिशांतलेंही कांहीं गेलें. त्या पाऊण तासाचें दुःख आम्हांस अजून आहे, कारण त्यामुळें राजवाडा धांवत पाहावा लागला. वाडा नायक राजांनीं आरंभिला, मराठ्यांनीं वाढविला. आज त्याचे कांहीं भाग उभे आहेत, कांहीं पडके. सरफोजीराजांचा पांढरा संगमरवरी पुतळा तेथें हात जोडून उभा आहे.

याच आवारांत सरस्वती महाल ग्रंथालय. ताडपत्रांवरचीं आणि कागदांवरचीं मिळून चाळीस हजारांहून अधिक हस्तलिखितें; संस्कृत, तामिळ, तेलुगू, मराठी; शिवाय मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल. आमच्यासारख्या एका दिवसाच्या प्रवाशास त्यांतलें एक दालन पाहतां येतें, तेंही कांचेंतून. परंतु वाचकांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, विष्णुदास भाव्यांचें 'सीतास्वयंवर' १८४३ चें, आणि येथील शहाजीराजे मराठींत नाटकें लिहून १७१२ सालीं कैलासवासीही झाले होते. मुंबईस १८२२ त 'पंचोपाख्यान' छापलें गेलें. त्याच्या सोळा वर्षें आधीं, १८०६ त, सरफोजींच्या छापखान्यांत इसापाच्या गोष्टींचें मराठी पुस्तक 'बाळबोध मुक्तावली' छापून निघालें. वाड्यांत वैद्यशाळा होती, आणि राजांच्या देखरेखीखालीं डोळ्यांच्या रोग्यांचीं टिपणें चित्रांसह ठेवलेलीं आहेत. श्वार्ट्झ या जर्मन पाद्र्याच्या हाताखालीं शिकलेला हा राजा काशीयात्रेस गेला तो तिकडूनही पोथ्या घेऊन आला.

आणि हें सर्व केलें तें राज्य हातीं असतांना नव्हे. १७९८ त सरफोजी गादीवर बसले. १७९९ च्या तहानें राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे किल्ला आणि तनखा एवढेंच उरलें. पुढें चार वर्षांनीं, १८०३ त, त्यांनीं आपल्या कुळाचा वृत्तांत देवळाच्या भिंतीवर कोरविला. राजराजानें ऐन भरभराटींत आपलीं दानें कोरलीं. यानें राज्य गेल्यावर आपण कोण हें कोरलें. कुळाच्या मागील कथा अशा लेखांत रंगवून सांगितलेल्या असतात, त्या शब्दशः खऱ्या धरूं नयेत, असें इतिहासकार बजावतात, आणि तें योग्यच आहे. परंतु ज्याच्याजवळ फौज उरली नाहीं त्यानें दगड आणि पाथरवट हाताशीं धरावे, आणि जिच्यांत लिहिलें ती भाषा बोलणाऱ्यांनीं त्यापुढें उभें राहून फोटो काढावा, हें कांचेच्या कपाटांपुढें उभे असतां आमच्या मनांतून जाईना.

तीन वाजून गेले होते. कार्यक्रमांत पुढें ब्राँझ मूर्तींचें दालन, शिवगंगा बागेतलें श्वार्ट्झचें चर्च आणि पुन्नैनल्लूरची मारियम्मन इतकें बाकी होतें. मदुरेच्या मंडळींस मारियम्मनचें दर्शन हवें होतें. भाषा आपली असल्यामुळें तेथें त्यांना वाटाड्याची जरूर नव्हती. ते निरोप घेऊन गेले. आम्हीं सांगितलें कीं, आम्हांस उरलेलें कांहीं पाहावयाचें नाहीं, चारास देवळांत परत जावयाचें आहे.

"पुन्हां तेंच?" वाटाड्यांनीं विचारलें.

"तेंच," अक्का म्हणाल्या.

चारास दार उघडलें. आतां फरसबंदी पायांस सोसवत होती. नातू बोट फिरवीत एकेक अक्षर लावी; अक्का, ज्यांनीं लहानपणीं आजोबांच्या पोथ्या वाचल्या होत्या, त्याचीं चुकलेलीं अक्षरें दुरुस्त करीत; आम्हीं ओळ उतरून घ्यावी आणि तिचा अर्थ इंग्रजींत सांगावा; आणि वाटाड्यांनीं तो आपल्या लहानशा वहींत तामिळमध्यें टिपावा, असें काम सुरू झालें. सौभाग्यवतींनीं मोबाइलचा उजेड तिरपा धरला, म्हणजे झिजलेलीं अक्षरें वर येत. ही युक्ति त्यांची. दोन ठिकाणीं आमचें आणि अक्कांचें जमलें नाहीं. तेथें अक्कांचें वाचन वहींत गेलें. वाटेनें जाणाऱ्या दोघां-तिघांनीं आमचा फोटो काढला.

दीड तासांत आठ ओळी झाल्या. मध्येंच वाटाड्यांनीं विचारलें, "ज्यानें हें लिहविलें तो राजा कुठें आहे?" आम्हीं सांगितलें, "तो अगदीं शेवटीं असणार. येथें अजून मालोजीही यावयाचे आहेत." भिंतीच्या लांबीकडे पाहून त्यांनीं मान हलविली.

आंत सांजेची घंटा झाली, आमची गाडी आठाची, आणि तिरुचिरापल्ली गांठावयाचें होतें. दाराशीं ठरलेले पैसे दिले. ते मोजून खिशांत ठेवल्यावर वाटाड्यांनीं वही पुन्हां उघडली, आणि आठव्या ओळीखालीं जें लिहिलें होतें तें वाचून दाखविलें. पुण्याकडचें कोणी आलें तर नववीपासून, असें तें होतें.