बाईचा रविवार कुणाचा?

नोव्हेंबर उजाडला की आपल्या गटांची धांदल सुरू होते. 25 नोव्हेंबर ते 10 डिसेंबर हिंसाचारविरोधी मोहीम, 25 डिसेंबरला मनुस्मृतिदहनाचं स्मरण, 3 जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, आणि मग 8 मार्चची तयारी. म्हणजे कार्यकर्तीचा हंगाम हिवाळ्यात. पुण्यात सायकलच्या सरावाचा हंगामही नेमका हाच. पाऊस संपलेला असतो, हवा गार असते. एकदा मार्च लागला की सकाळी दहानंतर घाट चढवत नाही.

मी एका सहकारी बँकेत काउंटरवर बसते, गटासाठी पथनाट्यं आणि गाणी लिहिते, आणि गेली चार वर्षं हिवाळ्यात लांब पल्ल्याची सायकल चालवते. या फेब्रुवारीत 200 किलोमीटरची ब्रेव्हे करायची आहे. ब्रेव्हे म्हणजे शर्यत नव्हे. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळात पुरं करायचं. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, बाईला आणि बुवाला सारखेच. त्यासाठी आठवड्यात दोनदा पहाटे तासभर आणि रविवारी चार-पाच तास, खडकवासल्याकडे नाहीतर कात्रजच्या जुन्या घाटात. यात उधारी चालत नाही. चुकलेला सराव पुढच्या आठवड्यात दुप्पट करून भरता येत नाही, गुडघे तक्रार करतात.

‘नोकरी, लिखाण, घर सांभाळून तुला वेळ कसा गं मिळतो?’ हा प्रश्न मला महिन्यातून दहादा विचारला जातो. माझ्याबरोबर सायकल चालवणाऱ्या पुरुषांना तो कुणी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही. त्यांचा वेळ त्यांचाच असतो, माझा मात्र कुठून तरी ‘मिळवलेला’. 2019 च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यात रोज सरासरी 299 मिनिटं घालवतात असं दिसलं. पुरुष 97, आणि तेही जे मुळात असलं काम करतात त्यांच्यापुरतं. शंभरातले सव्वीसच करतात. सरावाच्या पुस्तकांत ‘विश्रांतीचा दिवस’ ठळक अक्षरात लिहिलेला असतो, कारण स्नायू विश्रांतीतच भरून येतात. हा दिवस कुणी कल्पिला असेल? ज्याच्या विश्रांतीच्या दिवशी आठवड्याचे कपडे धुवायला दुसरं कुणी असतं, त्याने. आमच्याकडे मंगळवार-गुरुवारचे डबे आता नवरा आणि मुलगा करतात. त्यावर नवऱ्याचं इतकं कौतुक होतं की दोन पोळ्या लाटल्याबद्दल त्याला शाल-श्रीफळ द्यावं की काय असं वाटतं. मी उरलेले पाच दिवस करते, त्याला कुणी ‘मदत’ म्हणत नाही.

अंधाराचंही तसंच. जानेवारीत पुण्यात सूर्य सातनंतर उगवतो. बँक गाठायची तर साडेपाचला निघावं लागतं. ‘एवढ्या अंधारात बाईमाणसाने?’ अहो, त्या अंधारात रस्त्यावर बायका असतातच. झाडणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या, पहिल्या घरचं काम गाठायला निघालेल्या. त्यांना हा काळजीचा सल्ला कुणी देत नाही, कारण त्यांचं बाहेर पडणं सगळ्यांच्या सोयीचं असतं. आणि लांबच्या रस्त्यावर पुरुष झाडामागे थांबतात, आम्ही पाणी कमी पितो. मुंबईत 2011 पासून ‘राइट टू पी’ मोहीम चालली; हायवेवरचा हा प्रश्न आपण अजून हातातसुद्धा घेतलेला नाही.

पण माझं खरं भांडण आपल्याशीच आहे. यंदा 3 जानेवारीच्या नाटकाची तालीम रविवारी सकाळी सातला ठरली. मी म्हटलं, शनिवारी संध्याकाळी ठेवू. गटातल्या एक ज्येष्ठ ताई म्हणाल्या, ‘चळवळीला वेळ नाही, आणि सायकलला आहे?’ ताईंबद्दल मला आदर आहे, पण हे मला मान्य नाही. कुणाच्या मुलाची परीक्षा असली, सासूबाईंचं ऑपरेशन असलं, तर आपण तालीम मुकाट पुढे ढकलतो. ढकलायलाच हवी. मग बाईने दुसऱ्यासाठी मागितलेला वेळ खरा आणि स्वतःसाठी मागितलेला चैनीचा, हा घरातला कायदा आपण बैठकीत कधी पास केला?

सायकलशी आपलं वैर नाही, ती उपयोगी असेल तोवर. 1990 नंतरच्या वर्षांत तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टईत साक्षरता चळवळीबरोबर हजारो कष्टकरी बायका सायकल शिकल्या, ते आपण शिबिरांतून अभिमानाने सांगतो. बिहारने 2006 मध्ये नववीतल्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली, त्याचंही कौतुक करतो. पाणी आणायला, शाळेला, माल विकायला जाणारी सायकल चालते. नुसती दम लागेपर्यंत चढावर चालवली की ती ‘हौस’. घाटात मला गाण्यांच्या ओळी सुचतात असं सांगितलं तर लगेच परवानगी मिळेल, हे मला ठाऊक आहे. सुचतातही कधीकधी. पण ते कारण मी पुढे करत नाही.

‘हे पगारदार बाईचे लाड’ असाही आक्षेप आला. खरं आहे, चांगली सायकल महाग असते आणि धुण्याभांड्याला जाणाऱ्या मैत्रिणीला रविवारही नसतो. पण म्हणून माझा रविवार काढून घेतला तर तो तिला मिळणार आहे का? तिच्या पगारी साप्ताहिक सुट्टीसाठी आपण भांडू या, त्या मोर्च्यात मी पुढे असेन.

पुढच्या बैठकीत मी मांडणार आहे: तालमी शनिवारी संध्याकाळी, मुलं सांभाळायची पाळी लावून, आणि त्या पाळीत घरच्या पुरुषांचीही नावं घालून. प्रत्येकीने आठवड्यातले स्वतःचे तीन तास आधीच वहीत लिहावेत, मग ते पोहायला असोत, गाण्याच्या रियाजाला असोत की नुसत्या झोपेला. त्या तासांत बैठक लावायची नाही. नाटकाचं लिखाण 15 डिसेंबरला मी हातात देते. रविवारी सकाळी मात्र येणार नाही. तुमच्या गटात असा वाद झाला असेल तर काय ठरलं, ते जरूर लिहून कळवा.