गर्दी कुणाची?

नवी मुंबईत गर्दी फार झाली, अशी बोंब आहे. 2001 ला शहर सात लाखांचं होतं, 2011 ला अकरा लाखांवर गेलं. 2021 ची जनगणना झालीच नाही. डोकीच मोजली नाहीत, तर पाण्याचा, शाळेचा, दवाखान्याचा हिशेब कशावर मांडता?

गर्दी आणली कुणी? 1970 साली सिडको काढली ती शहर वसवायलाच. 95 गावांच्या जमिनी घेतल्या. रास्त मोबदला मागणारे पाचजण 1984 साली पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. मग विटा वाहायला, गटारं उपसायला माणसं लागलीच. गावगाड्याचा जाच सोडून आपली माणसं आली. त्यांच्या वाट्याला दिघा, तुर्भे इथल्या झोपड्या आल्या.

आता सरकार विचारतं, फुकट घर पाहिजे? मग 1 जानेवारी 2000 आधीचा पुरावा दाखव! संविधानाचं कलम 19 सांगतं, नागरिकाने देशात कुठेही राहावं, स्थायिक व्हावं. त्यात तारीख घातलेली नाही.

घाम चालतो, घामाचा माणूस चालत नाही. हा जुनाच धंदा आहे. गावात वेशीबाहेर, शहरात यादीबाहेर.

म्हणून 2027 च्या जनगणनेत वस्तीतलं एकही डोकं सुटता कामा नये. मोजणारा आपल्या दारात आला नाही, तर आपण त्याच्या दारात जायचं.