विष, संशय आणि पुरावा

खून डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार क्वचितच मिळतो. विषप्रयोगात तर जवळजवळ नाहीच. मग उरतो परिस्थितीजन्य पुरावा. त्याच्या बळावर कुठवर जायचे, हे देशाला शिकवणारे दोन निकाल पुण्यातल्या खटल्यांतून आले. दोन्हींत सत्र न्यायालयाने फाशी सुनावली, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. वाटा वेगळ्या झाल्या त्या सर्वोच्च न्यायालयात.

पहिला खटला डॉ. अनंत चिंतामण लागू यांचा. नोव्हेंबर १९५६ मध्ये एका मालमत्ताधारक, मधुमेही विधवेला घेऊन हा डॉक्टर रात्रीच्या गाडीने मुंबईला निघाला. पहाटे बोरीबंदरला गाडी पोचली तेव्हा बाई बेशुद्ध होत्या. जी. टी. रुग्णालयात त्याने त्यांचे नाव खोटे सांगितले. त्याच दिवशी त्या वारल्या, आणि प्रेत बेवारस राहिले. रासायनिक तपासणीत विष सापडले नाही! पण त्या जिवंत आहेत, त्यांनी पुन्हा लग्न केले आहे, असे सांगणारी पत्रे येत राहिली आणि दरम्यान त्यांची मालमत्ता डॉक्टर लाटत गेला. या साऱ्या वागण्याचा उलगडा खुनाशिवाय दुसऱ्या कशानेही होत नव्हता. दोन विरुद्ध एक अशा बहुमताने फाशी कायम झाली.

जून १९८२ च्या शरद बिर्धीचंद सारडा खटल्यात उलटे घडले. लग्नाला जेमतेम चार महिने झालेली तरुणी पोटॅशियम सायनाइडने मरण पावली. इथे विष सापडले. पण ते पतीजवळ होते, याचा पुरावा मिळाला नाही. तिच्या पत्रांतून तिचे खचलेले मन दिसत होते, त्यामुळे आत्महत्येची शक्यता खोडता आली नाही. जुलै १९८४ मध्ये पतीची निर्दोष सुटका झाली.

त्या निकालातल्या पाच कसोट्या आजही प्रत्येक सत्र न्यायालयात वाचल्या जातात. त्यांचे सार असे: प्रत्येक परिस्थिती स्वतंत्रपणे सिद्ध हवी, साखळी अखंड हवी आणि गुन्ह्याखेरीज दुसरा कोणताही वाजवी अर्थ निघता कामा नये. आरोपी खोटे बोलला, एवढ्याने साखळीतला हरवलेला दुवा भरून निघत नाही.

या कसोट्या सैल करा, अशी हाकाटी प्रत्येक गाजलेल्या सुटकेनंतर होते. ती चुकीची आहे. कसोट्या कडक असूनही गुन्हेगार सुटतातच असे नाही, हे लागू खटल्यात दिसले. घराच्या चार भिंतींआड झालेल्या मृत्यूचा खुलासा घरातल्यांनी द्यायला हवा, हेही त्रिमुख किरकन खटल्यात २००६ मध्येच स्पष्ट झाले. साखळी बहुधा तुटते ती तपासात: हत्यार जप्त करतानाचे पंच फितूर होतात, मुद्देमालाचे सील कोणाच्या ताब्यात होते ते सांगता येत नाही, 'शेवटचे एकत्र पाहिले' ती वेळ आणि मृत्यूची वेळ यांत तासन्‌तास जातात.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने झडती व जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक केले आहे. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे, असेही तिथे म्हटले आहे; त्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची सवलत आहे. सुटकेवर संतापणाऱ्यांनी आपल्या आमदाराला विचारावे: आपल्या जिल्ह्यात हा तज्ज्ञ खुनाच्या जागी किती तासांत पोचतो?