ताट कोणाचे, जोखीम कोणाची?

परळच्या गिरण्यांच्या आवारात आज मद्यगृहे आणि भोजनगृहे थाटली आहेत. तेथील चवीची चर्चा पुष्कळ होते, जोखमीची नाही. पूर्वी याच गिरणगावात खाणावळवाली कामगाराला पगार होईपर्यंत उधारीवर जेवू घाली आणि त्यापायी सावकाराचे व्याज सोशी. जोखीम तिची होती. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून अशा स्त्रियांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा तो भार हलका झाला. १९८२च्या संपानंतर मात्र गिऱ्हाईकच ओसरले. पुढे, २९ डिसेंबर २०१७ रोजी, कमला मिलच्या आवारात गच्चीवरील उपाहारगृहांना आग लागून १४ जणांचा बळी गेला. नफा मालकाचा आणि जोखीम गिऱ्हाइकाची, हा व्यवहार न्याय्य नव्हे. अग्निसुरक्षेच्या तपासणीचा दाखला दरपत्रकाइतकाच ठळकपणे दारावर लागला पाहिजे.