रंध्याच्या पाण्याचा हिशेब

नाशिकहून भंडारदऱ्याला जाणारा प्रवासी पावसाळ्यात रंधा धबधब्यापाशी थांबला, तर सुमारे 170 फुटांवरून कोसळणारी प्रवरा त्याला थक्क करते. तोच प्रवासी जानेवारीत गेला, तर बहुधा त्याला उघडा कडाच दिसतो. याचा अर्थ प्रवरा आटली असा नव्हे. 1926 साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणातून शेतीची आवर्तने सुटतच असतात. मात्र ते पाणी कड्याआधीच वळवून 34 मेगावॉटच्या कोदणी वीजगृहाकडे नेले जाते आणि पुढे पुन्हा नदीला मिळते.

म्हणूनच हा शेतकरी आणि पर्यटक यांच्यातील झगडा नव्हे. पाणी कोणत्याही वाटेने गेले, तरी लाभक्षेत्राचे काही बिघडत नाही. घटते ती वीज. किती? सेकंदाला एक घनमीटर पाणी 170 फूट खाली पडताना सुमारे 400 किलोवॉट वीज देऊ शकते. रविवारी चार तास पाच घनमीटर पाणी कड्यावरून सोडले, तर सुमारे 8,000 युनिटांवर पाणी सोडावे लागेल.

ही तूट वारा भरून काढील, असे पवनऊर्जेचे पुरस्कर्ते म्हणतील. धुळे जिल्ह्यातील ब्राह्मणवेल परिसरात पवनचक्क्या आहेतच. दोन मेगावॉटची एक चक्की पूर्ण क्षमतेने फिरली, तर चार तासांत तेवढी वीज देते. परंतु आपल्याकडचा जोरदार वारा मुख्यतः जून ते सप्टेंबरचा. धबधब्याला गरज नसते, तेव्हा तो भरपूर. गरज असते, तेव्हा मंद. घाटघरचा 250 मेगावॉटचा उदंचन प्रकल्प वीज काही तास साठवू शकतो, ऋतू ओलांडून नव्हे.

तेव्हा किंमत मोजावीच लागेल, आणि ती उघडपणे मोजावी. नायगाराच्या बाबतीत अमेरिका व कॅनडा यांनी 1950 साली करार करून पर्यटनाच्या हंगामात दिवसा सेकंदाला किमान 1,00,000 घनफूट आणि एरवी 50,000 घनफूट प्रवाह कड्यासाठी राखला. वीज उरलेल्या पाण्यावर. रंध्यासाठीही आवर्तनाच्या काळातील सुट्ट्यांचे काही तास नियमाने ठरवून आधी जाहीर करता येतील. एका पारड्यात 8,000 युनिटे, दुसऱ्यात अकोले तालुक्यातील आदिवासी गावांचा पर्यटनावरील रोजगार, असा तो हिशेब आहे. कड्यावरच्या पाण्याला बाजारभाव नाही, म्हणून त्याचे मोल शून्य धरणे, हे अर्थशास्त्र नव्हे.